बोर्डिंगपासून महासंगणकापर्यंत

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला. पाककृती देऊ की आठवणी, असे मी विचारले. तेव्हा, "तुमची नात पुण्यास काय शिकते, ते आम्हांस समजेल असे लिहा," असे उत्तर आले. नात शिकते सायंटिफिक कंप्युटिंग, म्हणजे शास्त्रीय गणन. पाऊस, भूकंप, औषधे यांसारखे प्रश्न गणितात मांडावयाचे आणि महासंगणकाकडून सोडवून घ्यावयाचे, अशी ही विद्या. परंतु तिची हकिगत सांगावयाची, तर मला माझ्या माहेरापासून, साताऱ्यापासूनच आरंभ केला पाहिजे.

कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. त्यांनी आधी काय उभारले? बोर्डिंग! खेड्यातील मुलास शाळा असून भागत नाही. राहण्यास जागा आणि पोटास भाकरी लागते, हे त्यांनी ओळखले होते. त्या भाकरीसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. पुढे १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर.

मी १९७१ साली गणित घेऊन बी. एस्‌सी. झाले. पुण्यास जाऊन पुढे शिकावे, अशी फार इच्छा होती. वडिलांची ना नव्हती. पण मुलीच्या राहण्याची सोय काही लागेना. जून उलटला, विषय संपला, आणि दुसऱ्या वर्षी मी लग्न होऊन सांगलीस आले.

सांगलीत विद्येची वाण नव्हती. विलिंग्डन कॉलेज १९१९ पासूनचे. १९४७ साली निघालेले अभियांत्रिकी महाविद्यालय पुढे वालचंद नावाने प्रसिद्ध झाले. तिकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच लोकांनी बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० साली चालू झाला होता. पुढे अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळण्यास अडचणी आल्या, तेव्हा १९८८ साली पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली ‘परम ८०००’ सिद्ध केला. त्यात ६४ लहान गणकांना एकत्र जुंपले होते.

पुष्कळ गणक एकत्र जुंपणे म्हणजे काय, हे आपणांस निराळे सांगावयास नको. आपल्या मंडळात पापड लाटतो तेच. एकटीला दिवस पुरत नाही. वीसजणी बसलो की काम भराभर उरकते. मात्र लाट्या करणारी एकच असली, तर बाकीच्यांची लाटणी रिकामी राहतात. नात म्हणते, "आजी, आम्ही हेच शिकतो. काम वाटायचे कसे, आणि कुणी कुणासाठी खोळंबू नये ते कसे पाहायचे." यंत्र विकत आणता येते, वाटणी शिकावी लागते.

याचा आपल्याशी संबंध काय, असे कुणी म्हणेल. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि मंडळाची शिवणयंत्रे पाण्यात गेली, ते आठवा. ते पाणी पुष्कळसे साताऱ्याच्या डोंगरांवरचे. पावसाचे भाकीत करताना नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाचे गणित करतात. परंतु महाबळेश्वरी पाऊस कोसळत असतो, तेव्हा खाली वाईस हात आखडलेला असतो! म्हणून चौकोन लहान हवा. त्याची बाजू निम्मी केली की एकाचे चार चौकोन होतात. वेळेची पावलेही निम्मी करावी लागतात. म्हणजे काम सुमारे आठपट वाढते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ साली ‘अर्क’ हा महासंगणक आला आणि २०२५ साली १२ किलोमीटरांचा चौकोन ६ किलोमीटरांवर आणता आला.

नात वालचंदमधून पदवी घेऊन पुण्यास गेली, तिला खोली मिळाली, म्हणून हे सारे मी लिहू शकले. २०२४-२५ पासून शासनाने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या अनेक घरांतील मुलींचे व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ केले, ही आनंदाची गोष्ट. परंतु शुल्क माफ झाले, तरी खोलीचे भाडे आणि खाणावळ चुकत नाही. तेव्हा असो वा आज, मुलगी अडते ती तिथेच.

म्हणून भगिनींनो, माझी एक सूचना आहे. वर्धापनदिनाच्या पापडविक्रीतून जे उरेल, त्यातून दरवर्षी आपल्या भागातील एका मुलीच्या राहण्याजेवणाचा भार मंडळाने उचलावा. लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र दिले; आपणांस तर केवळ लाटणी उचलावयाची आहेत.