दिसणारें चक्र आणि न दिसणारा वायु

आपल्याकडे इतिहास म्हटला कीं गड, लढाया आणि तहनामे डोळ्यांपुढें उभे राहतात. पाटणच्या बाबतींत तर हें विशेष स्वाभाविक आहे. केरा आणि कोयना ह्यांच्या संगमावर वसलेल्या ह्या गांवाजवळ दातेगड अजून उभा आहे. परंतु ह्याच तालुक्याचा दुसरा एक इतिहास आहे, आणि तो बखरींत सांपडत नाहीं. तो मुंबईच्या गिरण्यांत, गोद्यांत आणि बाजारपेठांत विखुरलेला आहे. डोंगरउतारावरच्या भातानाचणीवर संसार भागेना म्हणून येथील तरुण पिढ्यानुपिढ्या मुंबईस गेले. आणि त्यांच्याबरोबर एक प्रश्नहि गेला. पोटासाठीं परक्याच्या यंत्रापाशीं उभें राहिल्यावर ह्या देहाची हमी कोणी द्यावयाची? ह्या प्रश्नाचें उत्तर गेल्या सुमारें दीडशें वर्षांत कसें घडत गेलें, तें येथें थोडक्यांत पाहण्याचा आमचा विचार आहे.

मुंबईंत कावसजी नानाभाई दावर ह्यांनीं १८५४ सालीं कापसाच्या गिरणीची पहिली कंपनी काढिली आणि दोन वर्षांनीं तिचीं चाकें फिरूं लागलीं. पुढील वीस वर्षांत गिरण्या वाढल्या. कायदा मात्र त्यांच्या दारांत शिरला नाहीं. १८७५ मध्यें मुंबई सरकारनें चौकशीसाठीं मंडळ नेमिलें, व अखेर १८८१ सालीं हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी ॲक्ट झाला. त्यामागें सोराबजी शापुरजी बंगाली ह्यांच्यासारख्या सज्जनांची कळकळ होती, तशीच मँचेस्टरच्या कारखानदारांची धास्तीहि होती. आपल्या गिरण्या कायद्यानें बांधलेल्या आणि मुंबईच्या मात्र मोकळ्या, हें त्यांस कसें खपावें? दयेच्या गाड्यास स्वार्थाचा बैल जुंपलेला असला तरी गाडा पुढें सरकतो, हें मान्य केलें पाहिजे.

हा कायदा शंभर किंवा अधिक माणसें असलेल्या आणि यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरताच होता. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊं नये, बारा वर्षांखालील मुलाकडून नऊ तासांपेक्षां अधिक काम घेऊं नये, धोक्याच्या यंत्रांस कठडे घालावे, अपघात कळवावे आणि हें सर्व पाहण्यास निरीक्षक असावे, एवढाच त्याचा सारांश. प्रौढांच्या तासांविषयीं त्यांत अक्षरहि नव्हतें. तथापि मालकाच्या दाराआंत सरकारचा माणूस जाऊं शकतो, ही कल्पनाच नवी होती. १८८२ मध्यें मीड-किंग नांवाच्या विलायती निरीक्षकाकडून मुंबईच्या गिरण्यांची पाहणी झाली. त्या काळचा धोका बहुतांशीं डोळ्यांस दिसणारा होता. उघडा पट्टा, दांतेरी चक्र, अंधारी जागा. जाणत्या माणसानें एक फेरी मारावी आणि बोट ठेवून दाखवावें.

परंतु बोट दाखविणारा एकटा निरीक्षकच कां असावा? हा विचार प्रथम कृतींत आणिला तो सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं. 'दीनबंधु'च्या ह्या संपादकानें सप्टेंबर १८८४ मध्यें मुंबईंत कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारीं सुटी आणि दुपारीं अर्धा तास विसांवा ह्या मागण्या सर्वांच्या स्मरणांत आहेत. त्याच अर्जांतील दुसरी एक मागणी तितकीच मोलाची होती. कामावर गंभीर दुखापत झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा पंगु झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, अशी ती होती. आठवड्याची सुटी १८९० मध्यें मिळाली; नुकसानभरपाईचा कायदा होण्यास १९२३ साल उजाडावें लागलें. म्हणजे एकुणचाळीस वर्षें!

ह्या अवधींत कायद्याचें जाळें मात्र बारीक होत गेलें. १८८१ मध्यें शंभर माणसांचा कारखाना त्यांत सांपडे. १८९१ मध्यें पन्नासांचा, १९२२ मध्यें विसांचा, आणि १९४८ च्या कायद्यानें यंत्रशक्ति वापरणारा दहा माणसांचाहि सांपडूं लागला. परंतु तोंवर धोक्याचें रूपच पालटत चाललें होतें. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत 'फोर्ट स्टिकिन' ह्या बोटीस आग लागली. तिच्यावर सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यें आणि त्यांच्याच सोबतीस कापसाचे हजारों गठ्ठे होते. असा माल असलेल्या बोटीनें तांबडें निशाण लावावयाचें असतें. तें लाविलेलें नव्हतें. आसपासच्या लोकांस धूर दिसत होता, दारूगोळा दिसत नव्हता. दुपारीं चार वाजून गेल्यावर स्फोट झाला. शेंकडों माणसें मेलीं आणि आग विझविणारे ६६ जवान कामीं आले. एका निशाणाची किंमत काय असते, हें त्या दिवशीं कळावयास हवें होतें.

तें खऱ्या अर्थानें कळण्यास आणखी चाळीस वर्षें आणि एक महाभयंकर रात्र लागली. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्रीं भोपाळच्या कीटकनाशकांच्या कारखान्यांतून मिथिल आयसोसायनेट हा विषारी पदार्थ वायुरूपानें सुटला आणि हजारों माणसें प्राणांस मुकलीं. रोगी दारांत तडफडत असतां उपचार कोणता करावा हें डॉक्टरांस उमगेना. त्यानंतर १९८७ मध्यें १९४८ च्या कायद्यांत एक स्वतंत्र प्रकरण घालण्यांत आलें. धोक्याच्या द्रव्यांची माहिती मालकानें कामगारांस, सरकारी अधिकाऱ्यांस आणि शेजारच्या वस्तीसहि दिली पाहिजे. सुरक्षासमितींत कामगार असले पाहिजेत. संकट जवळ आलें असें वाटल्यास तसा इशारा देण्याचा कामगारास हक्क आहे, हीं तत्त्वें त्यांत आलीं. एक शतक निरीक्षकाच्या डोळ्यांवर विसंबलेला कायदा येथें प्रथमच कामगाराच्या ज्ञानाकडे वळला. आमच्या मतें १८८१ नंतरची ही सर्वांत मोठी पायरी होय. कारण दांतेरी चक्रास कठडा घालतां येतो, पिंपांतील द्रव्यास त्याचें नांव ठाऊक असणें हाच कठडा.

आतां पुन्हां पाटणकडे वळूं. ह्याच तालुक्यांतील मंद्रुळकोळे गांवचे अण्णासाहेब पाटील ह्यांनीं मुंबईच्या हमालांस संघटित केलें. १९६९ च्या माथाडी कायद्यांत, फॅक्टरीच्या भिंतीबाहेर ओझीं वाहणाऱ्यांच्या आरोग्याचा व सुरक्षिततेचाहि उल्लेख आला. आज येथील तरुणास मुंबईसच जावें लागतें असें नाहीं. कुंभार्ली घांट उतरून चिपळुणापलीकडे गेलें कीं लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत आहे. पूर्वेस कऱ्हाड ओलांडलें कीं सांगली जिल्ह्यांतील कडेगांव तालुका लागतो. त्या तालुक्यांत शाळगांवच्या औद्योगिक वसाहतींत २१ नोव्हेंबर २०२४ रोजीं सायंकाळीं एका खतकारखान्यांत वायुगळती होऊन तिघें दगावलीं. त्यांत दोघी स्त्रिया होत्या.

बरोबर एका वर्षानें, २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं, १९४८ च्या कायद्याची जागा २०२० च्या नव्या संहितेनें घेतली. दोन तारखांचा हा निव्वळ योगायोग आहे. परंतु तो विचार करावयास लावणारा आहे. ह्या संहितेनें दहाचा आंकडा पुन्हां वीसावर नेला आहे, म्हणजे जाळें १९२२ इतकें रुंद झालें आहे; अतिधोक्याच्या म्हणून जाहीर केलेल्या कामांपुरता मात्र एका कामगारासहि संरक्षण देण्याचा अपवाद तिच्यांत आहे. निरीक्षकाच्या नांवास 'साहाय्यकर्ता' हें उपपदहि जोडिलेलें आहे. निरीक्षकानें दंडाबरोबर सल्लाहि द्यावा, हें वाईट नाहीं. पण सल्ला ऐकण्याची सक्ति नसेल तर तो किती कारखान्यांत ऐकला जाईल?

ह्या इतिहासापासून आम्हांस एकच बोध दिसतो. कायदा नेहमीं अपघाताच्या मागून चालत आला, आणि जेथें कामगारानें विचारलें तेथें तो लवकर चालला. निरीक्षक वर्षांतून एखाद्या वेळीं येतो. कामगार रोज त्या हवेंत श्वास घेतो. पिंपावरील नांव बहुधा इंग्रजींत असतें आणि पिंप हलविणाऱ्याचें शिक्षण मराठींत झालेलें असतें. कायद्याचा गोषवारा कामगारांच्या भाषेंत लावावा हा नियम १९४८ पासूनच होता. द्रव्यांच्या माहितीपत्रकासहि तीच शिस्त लागली पाहिजे. आमचे वाचक बहुतेक शिकलेल्या घरांतील आहेत. गांवचा, नात्यांतला किंवा शेजारचा एखादा मुलगा रासायनिक कारखान्यांत लागला, तर पगार किती हें विचारून आपण थांबतों. तेथें काय हाताळावें लागतें, तें अंगावर सांडल्यास काय करावें आणि पळून जावयाची वाट कोणती, हें तीन प्रश्न त्यास विचारावे. उत्तर येत नसेल तर तें मालकाकडे मागण्यास त्यास शिकवावें. साडेपांच हजार सह्या जमविणाऱ्या लोखंड्यांचें काम ह्याहून पुष्कळ अवघड होतें.