तुरिन शहरांतील एक करारपत्र

सन १८४१ त गुरुदीक्षा झाल्यावर संत जॉन बॉस्को तुरिनच्या तुरुंगांत जाऊं लागले. सुटलेलीं मुलें पुन्हां तेथेंच आलेलीं त्यांनीं पाहिलीं. बाहेर त्यांचें म्हणून कोणी नव्हतें. १८४६ त वाल्डोको येथें एका पडवींत त्यांनीं निराधार मुलांस थारा दिला. तेथील खेळ, प्रार्थना व रात्रशाळा आमच्या धर्मग्रामस्थांस ठाऊकच आहेत. आम्हांस त्यांहून मोलाचें वाटतें तें १८५२ सालचें, मुद्रांकित कागदावर लिहिलेलें, सुतारकामाच्या एका उमेदवाराचें करारपत्र. मालकानें मुलाची चूक शब्दांनींच सुधारावी, अन्य रीतीनें नव्हे. धंद्याबाहेरचीं कामें सांगूं नयेत. सणवारीं सुटी व वर्षांत पंधरा दिवस रजा द्यावी. मजुरी दरवर्षीं वाढवावी. नुसत्या दयेपेक्षां कागद पक्का, हें या संतास उमगलें होतें! मुलाचा बाप जामीन राहिला, आणि त्या सर्वांच्या जोडीला डॉन बॉस्कोंनीं आपलीही सही केली.