कन्फर्म तिकीट म्हणजे नेमकं काय?

"तिकीट कन्फर्म आहे ना?" हा प्रश्न आपल्या घराघरात रेल्वेमुळे आला. रेल्वेत कन्फर्म म्हणजे डबा नंबर आणि बर्थ नंबर, विषय संपला. आरएसी असेल तर साइड लोअरवर दोघांनी अर्धं-अर्धं बसायचं, पण ते निदान आधी सांगितलेलं असतं. त्यामुळे विमानाचं कन्फर्म तिकीट हातात असताना काउंटरवरून "सॉरी सर, फ्लाइट फुल झालीये" असं ऐकू आलं की माणूस चक्रावतोच. पैसे घेतले, पीएनआर दिला, मग माझी सीट गेली कुठे?

उत्तर असं की ती सीट तुमची नव्हतीच! कंपनीनं तुम्हाला सीट विकलेली नसते. बहुतेक सगळ्यांना जागा मिळेल, हा अंदाज विकलेला असतो. हा अंदाज कुठून आला आणि चुकला तर भुर्दंड कुणी भरायचा, याचा इतिहास मोठा मजेदार आहे.

१९७८ पर्यंत अमेरिकेत विमानाची भाडी सरकार ठरवायचं. सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड, थोडक्यात कॅब, ही ती संस्था. तेव्हा तिकीट वापरलं नाही तरी सहसा दंड नसे. साहजिकच धंदेवाईक मंडळी दुपारच्या दोन-तीन फ्लाइट्सवर नाव टाकून ठेवत आणि मीटिंग संपेल त्याप्रमाणे एक पकडत. विमानं कागदावर भरलेली, प्रत्यक्षात रिकामी खुर्च्या घेऊन उडायची. मग कंपन्याही हळूच जास्तीची बुकिंग घेऊ लागल्या.

त्यातच कॉम्प्युटर आला. १९५३ साली अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ आणि आयबीएमचे सेल्समन ब्लेअर स्मिथ एका विमानात शेजारी-शेजारी बसले. आडनाव सारखं, म्हणून गप्पा सुरू झाल्या, आणि त्यातून पुढे 'सेबर' ही रिझर्व्हेशन सिस्टिम जन्माला आली. १९६४ पर्यंत ती पूर्ण चालू झाली. कार्डांवरचा हिशोब मशीनमध्ये गेला आणि कोण येतो, कोण येत नाही याचा डेटा साठू लागला.

आता थोडं गणित (आदत से मजबूर :-)). समजा १८० सीट्स आहेत आणि प्रत्येक प्रवासी न येण्याची शक्यता ५ टक्के. १८० तिकिटं विकली तर सरासरी ९ खुर्च्या रिकाम्या जातील. १८६ विकली तर? प्रत्येक जण स्वतंत्रपणे येतो किंवा येत नाही असं धरलं, तर साधारण दहा-अकरा फ्लाइट्समागे एकदाच कुणीतरी खाली राहील. लिनक्सवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. कर्नल मशीनमध्ये आहे त्याहून जास्त मेमरी प्रोग्रॅम्सना 'देतो', कारण सगळे एकदम वापरत नाहीत. सगळ्यांनी एकदम मागितली की 'ओओएम किलर' नावाचा यमदूत येऊन एका प्रोसेसला उडवतो. प्रोसेस कोर्टात जात नाही. माणूस जातो.

आणि गेलाच. २८ एप्रिल १९७२ रोजी वॉशिंग्टनहून हार्टफोर्डला निघालेल्या एका प्रवाशाला अ‍ॅलेघेनी एअरलाइन्सनं जागा नाही म्हणून सांगितलं. तो प्रवासी होता राल्फ नेडर! ज्या माणसानं जनरल मोटर्सला घाम फोडला होता, नेमका तोच. कंपनीनं नियमाप्रमाणे ३२ डॉलर आणि वर काही सेंट देऊ केले. नेडरनी नाकारले. हार्टफोर्डची सभा चुकली आणि त्यांनी खटला भरला. त्यांचं म्हणणं साधं होतं: जास्त बुकिंग घेता हे तुम्ही लपवता, ही फसवणूक आहे. १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की असा दावा प्रवासी लावू शकतो, कॅबकडे बोट दाखवून कंपनीला सुटता येणार नाही.

खरं औषध मात्र आधीच सापडलं होतं. १९६८ साली ज्युलियन सायमन या अर्थतज्ज्ञानं एक छोटा लेख लिहिला. जागा कमी पडली की प्रवाशांना पाकिटं वाटा. 'किती पैसे मिळाले तर मी पुढच्या विमानानं जाईन' तो आकडा प्रत्येकानं लिहावा आणि सगळ्यात कमी मागणाऱ्याला पैसे देऊन थांबवावं. ज्याला घाई नाही तो खूश, ज्याला आहे तो विमानात. एअरलाइन्सनी त्याला उडवून लावलं. सायमननं नंतर लिहिलंय की त्या काळी म्हातारी माणसं आणि सैनिक यांना उतरवलं जाई, कारण ते तक्रार करणार नाहीत असा हिशोब.

मला हे वाक्य फार लागलं. 'कुणाला उतरवायचं' याचा निर्णय कुणीतरी घेतच होतं, फक्त निकष होता कोण गप्प बसेल हा.

१९७७ मध्ये अल्फ्रेड कान हे अर्थतज्ज्ञ कॅबचे अध्यक्ष झाले आणि १९७८ साली ही कल्पना नियमात आली: आधी स्वखुशीनं थांबणारे शोधा, मगच सक्ती करा.

गोष्ट इथे गोड संपायला हवी, पण ९ एप्रिल २०१७ रोजी शिकागोत काय झालं आठवतंय? युनायटेडच्या फ्लाइटमध्ये कर्मचाऱ्यांसाठी चार जागा हव्या होत्या. ४०० डॉलर, मग ८०० डॉलर देऊ केले, कुणी उठलं नाही. लिलाव तिथेच थांबला, कॉम्प्युटरनं चार नावं काढली आणि ६९ वर्षांच्या डॉक्टरांना फरफटत बाहेर नेलं. बोली आणखी वाढवली असती तर कुणीतरी हसत उठलं असतं. नंतर युनायटेडनं ही मर्यादा १०,००० डॉलरपर्यंत नेली!

आपल्याकडे डीजीसीएनं २०१० साली असाच नियम आणला. आधी स्वयंसेवक विचारा, मग भरपाई द्या. २०१६ च्या सुधारणेनुसार, तासाभरात सुटणारी दुसरी फ्लाइट दिली तर काही नाही. २४ तासांच्या आतली दिली तर मूळ भाडं अधिक इंधन शुल्क यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,०००. जून २०२२ मध्ये ही भरपाई न दिल्याबद्दल डीजीसीएनं एअर इंडियाला १० लाखांचा दंडही केला.

म्हणजे नियम आहे, पण मागणाऱ्यासाठी. आपण काउंटरवर आवाज चढवतो, "मॅनेजरला बोलवा" म्हणतो, आणि शेवटी एका सँडविचच्या कुपनवर शांत होतो. त्याऐवजी दोनच प्रश्न विचारावेत: "स्वखुशीनं थांबायला कुणी तयार आहे का, हे विचारलंत का?" आणि "डिनाइड बोर्डिंगची भरपाई किती, लेखी द्याल का?"

ओव्हरबुकिंग बंद व्हावं असं मला वाटत नाही, रिकाम्या खुर्च्यांचा खर्च शेवटी तिकिटातच येतो. पण अंदाज कंपनीचा असेल तर तो चुकल्याचं बिलही कंपनीनंच भरावं. गप्प बसणाऱ्या आजीबाईंनी नव्हे.