मानेतील रक्ताचा पाट

श्रोतेहो, पाटात गाळ साचला की पुढचे वाफे सुकतात, हे आपणांस सांगायला नको. मानेतून मेंदूकडे शुद्ध रक्त नेणाऱ्या रोहिणीचेही तसेच आहे. तिच्यात चरबीचा थर साचून वाट अरुंद होते. त्या थराची कपची किंवा रक्ताची गुठळी मेंदूत अडकली की अर्धांगवायू होतो.

पण प्रत्येकाचे पाट सारखे नसतात. 1664 साली टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने मेंदूवर ग्रंथ लिहिला. त्यात एका मृताची हकीकत आहे. त्याच्या मानेतली उजवी रोहिणी जवळजवळ बुजलेली होती, तरी जिवंतपणी त्याला झटका आला नव्हता. का? मणक्यांतून जाणारी त्याच बाजूची रोहिणी फुगून तिप्पट झाली होती! मेंदूच्या तळाशी रोहिण्यांचे कडे असते. एक वाट बंद झाली तर दुसरीकडून रक्त फिरते. मात्र पुष्कळांचे हे कडे अपुरे असते.

1927 साली लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी जिवंत माणसाच्या मेंदूतील रोहिण्या क्ष-किरणांनी दाखविल्या. 1954 साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात 66 वर्षांच्या एका बाईला वारंवार झटके येत. डॉक्टरांनी तिचे अंग थंड केले, रोहिणीचा अरुंद तुकडा कापला आणि टोके जोडली. झटके थांबले. 1991 साली उत्तर अमेरिकेतील चाचणीने हिशेब मांडला: रोहिणी फार अरुंद झालेल्या रोग्यांत केवळ औषधांवर दोन वर्षांत शंभरांत 26 जणांना त्या बाजूचा झटका आला, शस्त्रक्रियेनंतर 9 जणांना.

आता जांघेतून तार वर नेऊन रोहिणीत जाळीची नळीही बसवतात. पण काहींच्या छातीत डावी रोहिणी महारोहिणीतून स्वतंत्र न निघता उजवीकडच्या फांदीतून फुटते. मग तारेला अवघड वळण घ्यावे लागते. डॉक्टर या ठेवणीला ‘बैलाची कमान’ म्हणतात. खरे तर बैलाची रचना निराळीच असते! अशा वेळी मानेतूनच वाट काढणे पुष्कळदा बरे. म्हणून आधी नकाशा पाहायचा, मग हत्यार उचलायचे.

गुरुजी, गावात एवढे जरूर सांगा: हात लुळा पडला, जीभ अडखळली, एका डोळ्यापुढे अंधारी आली आणि घटकाभरात सारे ठीक झाले, तरी ‘गेले एकदाचे’ म्हणून स्वस्थ बसू नये. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा.