मार्सेयची पाल : एकाच नमुन्यावरून कूळ ठरवताना

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मार्सेय नावाचं मोठं बंदर आहे. तिथल्या निसर्गविज्ञान संग्रहालयाची स्थापना १८१९ सालची. या संग्रहालयात १९७९ साली आलँ देलकूर यांचं लक्ष एका पेंढा भरलेल्या पालीकडे गेलं. पाल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर ट्यूबलाइटच्या मागे दडलेली पाल येते. ही तशी नव्हे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच ती ३७ सेंटिमीटर भरते, शेपटी धरली तर साठच्या पुढे जाते. आज जिवंत असलेल्या पालींपैकी सर्वांत मोठीसुद्धा हिच्यापुढे लहान दिसेल. रंग पिवळसर तपकिरी, पाठीवर लांबीच्या दिशेने गेलेले तांबूस पट्टे. आणि सोबत चिठ्ठी नाही. कुठून आणली, कोणी आणली, कधी आणली, कशाचीच नोंद नाही.

आता अडचण बघा. वर्गीकरण करणाऱ्याला एरवी एका जातीचे दहा-वीस नमुने तरी हवे असतात. नर, मादी, पिल्लं, वेगवेगळ्या ठिकाणचे. न्यायशास्त्रात लक्षणाचे तीन दोष सांगतात, अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. एकच नमुना हाती असेल तर अव्याप्ती तपासायची कशी? ही लांबी या जातीची, की या एकट्या प्राण्याची? हे पट्टे सगळ्यांना होते, की हिलाच? त्यात ही पाल सोललेली आणि भरलेली. आतले अवयव गेलेले, थोडी हाडं तेवढी शिल्लक.

तरीही नाव देता येतं, कारण प्राणिशास्त्राने यावर एक मोठी व्यवहारी तोड काढलेली आहे. जातीचं नाव तिच्या लक्षणाला बांधायचंच नाही. ते एका प्रत्यक्ष नमुन्याला बांधायचं. त्या नमुन्याला होलोटाइप म्हणतात. लक्षण पुढे बदलू द्या, कूळ बदलू द्या, नाव त्या देहाला चिकटून राहतं. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही युक्ती फार आवडावी. नाव आणि वर्णन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्वज्ञ वर्गात वाद घालून सांगतात; संग्रहालयवाले ते रोज कपाटात करत असतात.

१९८६ साली एरन बाउअर आणि अँथनी रसेल या दोघांनी या पालीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. नाव दिलं होप्लोडॅक्टिलस देलकूर्ती. दुसरा शब्द देलकूर यांच्या सन्मानार्थ, पहिला प्रजातीचा. होप्लोडॅक्टिलस ही न्यूझीलंडची प्रजाती. म्हणजे नाव देताना त्यांनी पालीला एक देशही दिला.

कशाच्या आधारावर? बोटांची ठेवण आणि एकूण बांधा न्यूझीलंडच्या पालींशी जुळत होता, हा एक आधार. दुसरा आधार एका कथेचा. माओरी लोकांच्या परंपरेत कवेकवेआउ नावाच्या मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्याचा उल्लेख येतो. मेअर नावाच्या अधिकाऱ्याने १८७३ साली अशी हकिकत प्रसिद्ध केली, की १८७० मध्ये उरेवेरा भागातल्या एका माओरी प्रमुखाने वाइमाना नदीच्या खोऱ्यात, वाळलेल्या राता वृक्षाच्या सालीखाली सापडलेला असा प्राणी मारला. लांबी सुमारे दोन फूट, जाडी माणसाच्या मनगटाएवढी, रंग तपकिरी, अंगावर लांबट लाल पट्टे. तो प्राणी कोणी जपून ठेवला नाही.

वर्णन किती नेमकं जुळतं पाहा! पण इथेच थांबून विचार करायला हवा. ही पाल न्यूझीलंडची कशावरून? कवेकवेआउ असाच दिसत होता म्हणून. कवेकवेआउ ही प्रचंड पालच होती कशावरून? तशी पाल मार्सेयला आहे म्हणून. नैयायिक याला अन्योन्याश्रय म्हणतात. नमुन्याला देश नव्हता आणि कथेला देह नव्हता. दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढली. बाउअर आणि रसेल यांनी हे अनुमान म्हणूनच मांडलं होतं, त्यांच्यावर आंधळेपणाचा आरोप मी करणार नाही. पण अनुमान एकदा ग्रंथात गेलं की त्याच्यापुढचं ‘बहुधा’ गळून पडतं. पुढे ही पाल न्यूझीलंडच्या नष्ट झालेल्या प्राण्यांच्या यादीत जाऊन बसली.

शंकेची पाल मात्र चुकचुकत राहिली. न्यूझीलंडच्या गुहांमधून मोआ या अजस्र पक्ष्याची हाडं निघाली, बेडकांची निघाली, लहान पालींचीसुद्धा निघाली. एवढ्या मोठ्या पालीचं एकही हाड निघालं नाही. अभावही कधीकधी प्रमाण ठरतो, शोध नीट झालेला असेल तर.

जाता जाता एक गंमत सांगतो, कारण तिचा आपल्याशी संबंध आहे. ज्या होप्लोडॅक्टिलस प्रजातीत या पालीला बसवलं, तिची मूळ जात आहे होप्लोडॅक्टिलस द्युव्होसेली. आल्फ्रेड द्युव्होसेल हा क्युव्हिए या थोर प्राणिशास्त्रज्ञाचा सावत्र मुलगा. तो भारतात प्राणी गोळा करून पॅरिसला पाठवायचा आणि १८२४ साली मद्रासला वारला. आपल्या कान्हाच्या जंगलातल्या बारशिंग्याच्या शास्त्रीय नावातही तोच आहे. १८३६ साली द्युमेरिल आणि बिब्रों यांनी ही पाल वर्णिली, तेव्हा ती द्युव्होसेलने बंगालहून पाठवली असं ते समजत होते. प्रत्यक्षात ती न्यूझीलंडची! बंगालमध्ये ती कधीच नव्हती. म्हणजे ज्या घरात आपल्या पाहुणीला नेऊन बसवलं, त्या घराचाच पत्ता सुरुवातीला चुकलेला होता. जहाजं सगळीकडची, पेट्या एकत्र, चिठ्ठ्या हरवलेल्या. त्या काळच्या संग्रहांत हे नेहमीचंच.

मग २०२३ साल उजाडलं. मॅथ्यू हायनिकी आणि सहकाऱ्यांनी मार्सेयच्या पालीच्या मांडीच्या हाडातून डीएनए मिळवला. इतक्या जुन्या हाडातला डीएनए तुकड्यातुकड्यांचा असतो. ते तुकडे वाचून जुळवायचं तंत्र अलीकडचंच. उत्तर स्पष्ट आलं. ही पाल न्यूझीलंडच्या पालींच्या शाखेतली नाहीच. ती न्यू कॅलेडोनियाच्या पालींच्या शाखेत बसते. न्यू कॅलेडोनिया ही न्यूझीलंडच्या उत्तरेला समुद्रापार असलेली बेटं, १८५३ पासून फ्रान्सच्या ताब्यात. फ्रान्सच्या बंदरात तिथला प्राणी पोचणं यात काहीच अवघड नाही. तिच्यासाठी नवी प्रजाती करावी लागली, जायगार्केनम. लॅटिनमधल्या ‘प्रचंड’ आणि ‘गुपित’ या शब्दांपासून केलेलं नाव. देलकूर्ती हा शब्द मात्र जागचा हलला नाही, कारण तो त्या देहाला बांधलेला होता. आणि या नव्या शोधनिबंधाच्या लेखकांत एरन बाउअर स्वतः आहेत. सदतीस वर्षांपूर्वीचा आपलाच निर्णय फिरवणाऱ्या कामात हात घालणं, हे मला त्या डीएनएइतकंच मोलाचं वाटतं.

कोणी विचारेल, डीएनए हेही अनुमानच ना? आहेच. पण त्याचा हेतू त्या माओरी कथेवर टेकलेला नाही. कथा खरी असो वा खोटी, हाड तेच सांगेल. बोटांच्या साम्याचं तसं नाही. न्यूझीलंड आणि न्यू कॅलेडोनियाच्या पाली एकाच मोठ्या कुळातल्या, आणि झाडावर चढणाऱ्या जिवांची बोटं एकमेकांपासून दूर राहूनही सारखी घडू शकतात.

पत्ता बदलल्याने काय बिघडलं, असं वाटेल. पुष्कळ बिघडतं. न्यूझीलंडच्या सगळ्या पाली पिल्लांना जन्म देतात, अंडी घालत नाहीत. त्यामुळे १९८६ नंतर ही पालही पिल्लं देत असणार, असं धरणं सयुक्तिक होतं. न्यू कॅलेडोनियाच्या बहुतेक पाली अंडी घालतात. हिचं जगणं कोणी पाहिलेलं नाही. जे म्हणायचं ते नातेवाइकांवरूनच. नातेवाईक बदलले, की न पाहिलेलं सगळं चरित्र बदलतं. ती नष्ट झाली असं आपण म्हणतो, तेही कोणत्या भूमीवर शोधून?

आणि वाइमानाच्या खोऱ्यातल्या त्या प्रमुखाचं काय? त्याची हकिकत डीएनएने खोटी ठरत नाही. त्याने काहीतरी मारलं होतं. ते मार्सेयला असलेल्या प्राण्याच्या जातीचं नव्हतं, एवढंच आता दिसतं. शंभरेक वर्षांनी आलेल्या एका मुक्या नमुन्याची साक्ष द्यायला त्याला परस्पर उभं केलं गेलं होतं. आता त्याचं म्हणणं पुन्हा स्वतंत्रपणे वाचायला हवं, कोणी पाहिलं, कोणी ऐकलं, कोणी लिहिलं हे वेगवेगळं करून. शब्दप्रमाणाची आपली जुनी चर्चा तिथे उपयोगी पडेल.

पालीचा दुसरा नमुना अजून कोणाच्या हाती नाही. मिळालाच तर तो न्यू कॅलेडोनियाच्या जंगलात, तिथल्या एखाद्या गुहेतल्या हाडांत किंवा दुसऱ्या कुठल्या जुन्या संग्रहालयात चिठ्ठीविना मिळेल, आणि त्याला मार्सेयच्या त्या मांडीच्या हाडाशी ताडून पाहावं लागेल.