वेशीवरचे दुखणे

दुर्लक्षाला मराठीत 'कानाडोळा' म्हणतात. या शब्दात कान अगोदर यावा, हे वैद्यकाच्या इतिहासाकडे पाहता अर्थपूर्ण वाटते. कान आणि नाक यांच्या दुखण्यांना आपण कधी मोठ्या आजारांच्या पंक्तीला बसवले नाही. पोराचा कान 'फुटतो', 'वाहतो', आणि घरोघरी लसूण घालून कोमट केलेल्या तेलाचे दोन थेंब त्यात पडतात. सर्दी तर औषध घेतले तर सात दिवसांत आणि न घेतले तर आठवड्यात बरी होते, असा विनोदच रूढ आहे. परंतु याच दुखण्यांनी शतकानुशतके माणसे मारली आहेत, आणि मारली आहेत ती मेंदूत शिरून.

शरीररचना ध्यानात घेतली म्हणजे याचे नवल वाटत नाही. मधल्या कानाचे छत म्हणजे हाडाचा एक पातळ पापुद्रा. त्याच्या वर लगेच मेंदूची आवरणे. कानामागचे हाड मधाच्या पोळ्यासारखे पोकळ आणि त्याच्या आतल्या अंगाला मेंदूतील अशुद्ध रक्त वाहून नेणारी मोठी शीर. कपाळातील आणि नाकाच्या बाजूंच्या पोकळ्या, म्हणजे सायनस, डोळ्याला आणि मेंदूला अशाच खेटून असतात. पू साचला की तो हाड पोखरून वा बारीक शिरांच्या वाटेने आत उतरतो. मग मेंदूच्या आवरणांचा दाह, मेंदूत गळू, शिरेत रक्ताची गुठळी. दुर्गंधीयुक्त स्राव वर्षानुवर्षे वाहणारा कान तर अधिकच फसवा. तो दुखत नाही म्हणून खपवून घेतला जातो, आणि आत चुकीच्या जागी वाढलेली त्वचा हाड कुरतडत राहते.

प्राचीनांना हे ठाऊक नव्हते असे नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कर्णरोगांचे २८ प्रकार सांगितले आहेत. त्यांत कर्णस्राव आहे आणि पूतिकर्णही. तीव्र कर्णशूळाबरोबर ताप हटेना, तर रोगी भ्रमिष्ट होऊन दगावू शकतो, असा इशारा ग्रीक हिप्पोक्रॅटिसाच्या परंपरेत आहे. ज्ञान होते, उपाय नव्हता. फ्रान्सचा राजा दुसरा फ्रान्सिस १५६० साली सोळाव्या वर्षी कानाच्याच विकाराने गेला. राजवैद्य उशाशी असून उपयोग झाला नाही.

साहित्याच्या वाचकाला अधिक जवळचे उदाहरण ऑस्कर वाइल्डचे. त्याचे वडील सर विल्यम वाइल्ड हे डब्लिनमधील नामांकित कर्णशल्यविशारद. वाहत्या कानाला क्षुल्लक समजू नये, हे त्यांनी १८५३ च्या आपल्या ग्रंथात बजावले होते. त्यांच्याच मुलाने १८९६ साली रेडिंगच्या तुरुंगातून सरकारकडे केलेल्या अर्जात आपल्या कानाकडे होणाऱ्या दुर्लक्षाची तक्रार करावी, आणि ३० नोव्हेंबर १९०० रोजी पॅरिसच्या एका हॉटेलात मेंदूच्या दाहाने मरावे! पुष्कळ काळ या मृत्यूचा संबंध उपदंशाशी जोडला गेला. जुनाट कर्णविकार हेच कारण, असा युक्तिवाद २००० साली 'लॅन्सेट'मध्ये मांडला गेला. बदनाम माणसाच्या मृत्यूचे कारणही बदनामच असणार, हा लोकांचा तर्क शंभर वर्षे पुरला.

वास्तविक ग्लासगोच्या विल्यम मॅक्युएनने १८९३ सालीच दाखवून दिले होते, की मेंदूतील गळू वेळेवर ओळखून शस्त्रक्रिया केली तर रुग्ण वाचतो. परंतु चित्र सर्वसामान्यांसाठी पालटले ते पेनिसिलिनने. आणि येथे ही कथा पुण्याच्या दारात येते. युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. लोकांच्या तोंडी ती 'एच. ए. कंपनी'. पुढे तेथील शास्त्रज्ञ थिरुमलाचार यांनी बुरशीवरील हॅमायसिन हे औषध शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याचे नावच 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. एका गावाचे नाव असे जीवशास्त्राच्या कोशात गेले.

या औषधांनी असंख्य कान वाचवले, तसा एक गैरसमजही रुजवला. धोका दिसेनासा झाला, तो संपला असे आपण मानले. आणि १९९७ साली तो कारखानाच 'आजारी उद्योग' म्हणून नोंदला गेला.

मानलेल्या सुखाचा हिशेब २०२१ च्या उन्हाळ्यात झाला. करोनातून उठलेल्या, विशेषतः मधुमेह असलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांच्या नाकातून म्युकरमायकोसिसची बुरशी सायनसमध्ये, तेथून डोळ्यांत आणि मेंदूत शिरू लागली. जूनअखेर देशात ४०,८४५ रुग्णांची नोंद झाली. त्यांतील ३१,३४४ नाक-मेंदू प्रकारचे. महाराष्ट्र अग्रभागी होता. माणसे वाचवण्यासाठी जबडे आणि डोळे काढावे लागले. अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाईक दारोदार फिरले. मे महिन्यात वर्ध्याच्या एका कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले तेव्हा ती बातमी ठरली. केंद्राने राज्यांना हा रोग अधिसूचित करण्यास सांगितले तो १८९७ च्या साथरोग कायद्याखाली. म्हणजे प्लेगाच्या वेळच्या त्याच कायद्याखाली, ज्याची पुण्याला रँडसाहेबाच्या काळापासून ओळख आहे.

स्वारगेट हे नाव घोडेस्वारांच्या चौकीवरून पडले असे सांगतात. चौकी असते शहराच्या वेशीवर. कान आणि नाक या शरीराच्या तशाच वेशी आहेत. भोर, सातारा, कोल्हापूरकडच्या एसटीने स्वारगेटला उतरणाऱ्या रुग्णाला आता पिंपरीपर्यंत थेट मेट्रो आहे. २९ सप्टेंबर २०२४ पासून ती सुरू झाली. प्रश्न स्वारगेटनंतरच्या वाटेचा नाहीच. प्रश्न आहे तो गावातला कान वाहू लागल्यापासून एसटीत पाय ठेवीपर्यंत गेलेल्या महिन्यांचा. वाहत्या कानाबरोबर ताप, न थांबणारी डोकेदुखी, उलट्या, मानेचा ताठरपणा दिसला, किंवा सर्दीत डोळा सुजला, नजर दुहेरी झाली, तर तासांचा हिशेब करायचा असतो. हा हिशेब सुशिक्षित घरांतही चुकतो.

विज्ञानाने या रोगावर अनेकदा मात केली. दुर्लक्षावर मात करण्याचे काम त्याचे एकट्याचे नाही. सुश्रुताने नोंद केली, विल्यम वाइल्डने बजावले, पिंपरीने औषध दिले. ऐकून घेणे तेवढे आपल्याकडे राहिले आहे.