बर्चचे कोवळे धुमारे आणि केंटिश ग्लोरी

केंटिश ग्लोरी हा पतंग केंट परगण्याचे नाव मिरवतो, पण केंटमधून तो केव्हाच गेला आणि १९७०च्या सुमारास साऱ्या इंग्लंडमधून दिसेनासा झाला. त्याची खाद्यवनस्पती मुख्यतः बर्च, म्हणजे हिमालयातल्या भूर्जाचा सगोत्र. बर्चचा तिथे तुटवडा नव्हता. मोकळी जमीन मिळाली की तो उगवतोच. मग पतंग का गेला? माझ्या मते याचे उत्तर रानावर पोट भरणाऱ्यांच्या धंद्यात आहे. मादी एप्रिलच्या सुमारास अंडी घालते, ती उन्हात वाढणाऱ्या, साधारण पुरुषभर उंचीच्या बर्चच्या बारीक काटक्यांवर, पुंजक्याने. त्यातून निघालेल्या काळ्या अळ्या सुरुवातीला घोळक्यानेच पाने खातात. झाड उंच होऊन सावली दाटली की ते तिच्या कामाचे राहत नाही. कोवळी झाडी मात्र रानात सतत कुठे ना कुठे असायची, कारण झाड बुडापासून तोडायचे, बुंध्याला धुमारे फुटू द्यायचे आणि काही वर्षांनी पुन्हा तोडायचे, अशी पाळी शतकानुशतके चालू होती. आठव्या हेन्रीच्या १५४३च्या कायद्याने तर तोडलेल्या रानात एकरी १२ झाडे राखण्याचे आणि धुमारे गुरांपासून वाचवायला काही वर्षे कुंपण घालण्याचे बंधन घातले. (पतंगाचे भले कुणाच्या मनात नव्हते, हे सांगायला नको.)

इंग्लंडमध्ये हा पतंग ज्या वायर फॉरेस्टमध्ये शेवटी तग धरून होता, तिथून ओकची साल कातडी कमावायला आणि लाकूड कोळसा पाडायला जाई. दगडी कोळसा आणि नवी रसायने आली तसे हे धंदे बसले, तोड थांबली, राने दाटली. १९१९मध्ये स्थापन झालेल्या फॉरेस्ट्री कमिशनने पुढे कित्येक जुन्या रानांत सूचिपर्णी झाडे लावून उरलेसुरले ऊनही अडवले.

संग्राहकांनीच हा पतंग संपवला, असा एक आक्षेप घेतला जातो. ते कोषातून नुकतीच निघालेली मादी जाळीच्या पिंजऱ्यात ठेवत आणि तिच्या गंधावर भर दिवसा आलेले नर पकडत. आधीच रोडावलेल्या ठिकाणी याने नुकसान झालेही असेल. पण हेच संग्राहक स्कॉटलंडमध्येही जात, आणि तिथे स्पे आणि डी नद्यांच्या खोऱ्यांत हा पतंग आजही आहे, कारण माळावर बर्चची नवी रोपे आपोआप येत राहतात. हरणे ती रोपे खुडतात तिथे मात्र अडचण होते. तेव्हा खाद्यवनस्पतींच्या यादीत बर्चच्या नावापुढे त्याचे वयही लिहायला हवे.